अर्धा युनिट

आमच्या फ्रिजमध्ये दोन इन्सुलिनं असतात. एक अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आणि एक गुंड्याचं, म्हणजे आमच्या बोक्याचं. अण्णांच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट, गुंड्याच्या कार्ट्रिजमध्ये १००. अण्णांची सिरिंज लाल टोपीची, गुंड्याची केशरी टोपीची. टोप्यांची अदलाबदल झाली तर काय होतं ते मी काउंटरवर वर्षानुवर्षं सांगत आले आहे. कशेळ्याकडच्या एक आजी यायच्या. मुंबईच्या मुलानं कौतुकानं केशरी टोपीच्या सिरिंजा आणून दिल्या आणि आजी आपल्या नेहमीच्याच बाटलीतून त्या सिरिंजेवर ‘वीस’ ओढायला लागल्या. केशरीवरचे वीस म्हणजे त्या बाटलीतले आठ. शुगर उतरत नाही म्हणून घरचे हवालदिल, आणि आजी देवाला नवस बोलून मोकळ्या. याच्या उलट झालं तर प्रकरण जास्त वाईट. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजेनं ‘एक’ ओढलं की अडीच जातं. माणसाच्या अंगात दीड युनिट जास्त गेलं तर तो चार बिस्किटं खाऊन वेळ निभावून नेईल. पाच-साडेपाच किलोच्या बोक्याच्या ते जिवावर बेतू शकतं. म्हणून गुंड्याचा डबा वेगळा, त्यावर मार्करनं मिशा काढलेल्या, आणि अण्णांना त्या डब्याला हात लावायची बंदी.

आमचं मेडिकल दहिवलीत. उल्हासवरचा पूल ओलांडला की कर्जतचा बाजार आणि स्टेशन. दुकान अण्णांनी काढलं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं डी. फार्म. झालेलं होतं, त्यामुळे सासरी स्वयंपाकघराच्या आधी काउंटर वाट्याला आला. गिऱ्हाईक चारफाट्यावरून, कडाव-कशेळ्याकडून, आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरून, आणि शनिवार-रविवारी फार्महाउसवाल्यांकडून. गुंड्याही या दुकानाच्याच कामाला लागलेला. मागच्या गोडाउनमध्ये उंदरांनी ओआरएसची पाकिटं आणि बाळाच्या दुधाचे खोके कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा आणलेलं हे पिल्लू. मोठा झाल्यावर त्याचं ऑपरेशन केलं, यथावकाश उंदीर संपले आणि गुंड्या बसून खाऊ लागला. आमचा हा भाताचा तालुका. इथल्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेली ‘कर्जत-३’सारखी वाणं आसपासच्या खाचरांत लावतात. भाताला नको म्हणायची आमच्या घरात रीत नाही, बोक्यालाही नव्हती. दोन्ही वेळ दूधभात आणि वर पाकिटातल्या कोरड्या खाऊची मूठ. नर, ऑपरेशन झालेला, वयस्क, लठ्ठ, दिवसभर गोणपाटावर लोळणारा: मांजरांत मधुमेह कोणाला होतो याचं जे वर्णन पुस्तकात असतं, त्यातलं एकही कलम गुंड्यानं सोडलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात तो बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागला. खाणं वाढलं आणि पाठीचा कणा मात्र हाताला लागायला लागला. बाहेर जाणारा बोका मोरीत लघवी करू लागला आणि त्या जागी मुंग्यांची रांग लागली. मुंग्यांची ही साक्ष जुन्या वैद्यकग्रंथांतही आहे. अण्णा मोरीत वाकून बघत म्हणाले, “अगं, याला माझंच झालंय.” त्यांचं निदान माझ्या आधी झालं होतं. मला खात्री पटली ती त्याच्या चालीवरून. मांजर चवड्यांवर चालतं. गुंड्या मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकून चालायला लागला होता. साखर फार दिवस चढलेली राहिली की नसांवर परिणाम होतो आणि मांजरांत तो असा मागच्या पायांत दिसतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई, बैल, शेळ्या यांचा राबता. नणंद म्हणाली, परळला बैलघोडा हॉस्पिटलात ने. शेवटी कर्जत लोकलनं कल्याणकडच्या एका डॉक्टरबाईंकडे नेला. लोकलमध्ये टोपलीतून अखंड रडगाणं, दवाखान्यात शेजारी दोन कुत्री, आणि मग रक्त घेतलं तर शुगर ४१२. मी मनातल्या मनात डोसाचा हिशोब मांडायलाही लागले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हा आकडा मी धरत नाही.” भेदरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनं तीनशेच्या वर जाते, मधुमेह नसला तरी. त्यांनी फ्रुक्टोसामाइनची तपासणी लिहून दिली. मागच्या दोन-तीन आठवड्यांत साखर सरासरी कुठे होती ते त्यातून कळतं, एका दिवसाच्या घाबरण्यानं ते बदलत नाही. रिपोर्ट आला तेव्हा मधुमेह पक्का झाला. पण औषधापेक्षा आधी माझ्या लक्षात राहिलं ते ‘हा आकडा मी धरत नाही’.

डोस ठरला दर बारा तासांनी एक युनिट ग्लार्जिन. मांजराला किलोमागे पाव ते अर्धा युनिट असा हिशोब असतो, तरी सुरुवात साधारण एका युनिटनं करतात. आणि किलोचा हिशोब काहीही सांगो, सुरुवातीला दोनच्या वर कोणी जात नाही.

१०० च्या इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. काउंटरवर दिवसाकाठी कित्येक सिरिंजा विकणाऱ्या मला तो किती असतो हे त्या दिवशी दिसलं. एक मिलिलिटरच्या केशरी सिरिंजेवर दोन-दोन युनिटांच्या रेघा असतात. त्यावर एक युनिट म्हणजे दोन रेघांमधला अंदाज, आणि अर्धा म्हणजे नुसती श्रद्धा. मुंबईच्या स्टॉकिस्टकडून ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागवली. लहान मुलांसाठी ती बनवतात, आमच्याकडे मागणी नाही म्हणून कधी ठेवली नव्हती. तिच्यातही मोहरीएवढा हवेचा बुडबुडा राहिला की जवळजवळ अर्ध्या युनिटचा घोळ. उजेडाकडे धरायचं, टिचकी मारायची, बुडबुडा वर आला की ढकलून द्यायचा, आणि दट्ट्याची काळी कड नेमकी रेघेवर आणायची. चष्म्यावर भिंग लावून बसलेली सूनबाई बघून अण्णा म्हणाले, “सोनाराकडे होतीस का आधी?”

स्टॉकिस्टच्या माणसानं फोनवर सोपा उपाय सुचवला होता: सलाइन घालून पातळ करा, मग अर्धा काय, पावसुद्धा मोजता येईल. ग्लार्जिनच्या बाबतीत हे करायचं नसतं. हे इन्सुलिन आम्ल द्रावात, साधारण ४ पीएचला, विरघळलेलं असतं. कातडीखाली गेलं की तिथल्या पीएचला त्याचे बारीक कण बनतात, ते साठून राहतात आणि हळूहळू विरघळत रक्तात उतरतात. सावकाश, लांब चालणारा परिणाम मिळतो तो याच्यामुळे. बाटलीतच पातळ केलं की हा सगळा डाव बिघडतो. दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही तेही याच कारणानं.

दुकानात लोक हसायचे. माणसाचं औषध मांजराला! मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही, कारण हे औषध माणसापर्यंत आलंच मुळी जनावरांच्या अंगावरून. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी ते आधी कुत्र्यांवर आजमावलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. युनिटसुद्धा सुरुवातीला सशावर ठरवलेलं: दोन किलोच्या उपाशी सशाची साखर त्याला झटके येतील इतकी खाली आणायला जेवढं लागेल, तेवढं एक युनिट. पुढे मापं बदलली, शुद्ध झाली. पण आपण ज्या आकड्यात अण्णांचा डोस मोजतो त्याच्या मुळाशी एक ससा आहे. अण्णांनी दुकान सुरू केलं तेव्हा गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिनच मिळायचं, आणि काही गिऱ्हाइकं ‘कशाचं आहे’ हे न विचारण्याची काळजी घ्यायची. गंमत म्हणजे मांजराचं स्वतःचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लानं वेगळं आहे, माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चारांनी. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी गुंड्याकडे जरा आदरानं बघितलं.

टोचणं सोपं निघालं. बाजूची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई आत, दट्ट्या दाबायचा, झालं. खाताना टोचलं तर त्याचं लक्षही नसतं. कधी सुई कातडीच्या घडीतून आरपार जाते आणि औषध केसांवर सांडतं. बोट फिरवून वास घेतला की कळतं, इन्सुलिनमध्ये टिकण्यासाठी घातलेल्या मेटाक्रेसॉलचा तो दवाखान्यासारखा वास येतो. अशा वेळी किती आत गेलं आणि किती सांडलं हे कळायला मार्ग नसतो, आणि म्हणूनच पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ साखर चढलेली परवडते. दुप्पट डोस परवडत नाही.

कठीण होतं ते रक्त काढणं, आणि त्याहून कठीण होतं काढलेल्या रक्ताचा आकडा बघून गप्प बसणं.

रक्त कानाच्या कडेवरून घेतात. कडेला लागून एक बारीक शीर जाते. तांदळाची पुरचुंडी तव्यावर कोमट करून कानाला लावायची, म्हणजे शीर भरते. कडेवर व्हॅसलीनचं बोट फिरवायचं, नाहीतर थेंब केसांत पसरतो आणि पट्टीला मिळत नाही. कानामागे कापूस धरून टोचायचं, थेंब टिपायचा, आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. काही आठवड्यांनी पुरचुंडीचा वास आला की गुंड्या स्वतःहून येऊन मांडी घालून बसावा तसा समोर बसायचा. कोंबडीसाठी. माणसं बोट टोचायला एवढी तयार झाली असती तर आमच्या काउंटरवरचे निम्मे वाद मिटले असते.

मीटर माणसाचाच. मांजरांसाठी वेगळे मीटर निघालेत, पण त्यांच्या पट्ट्या आमच्याकडे वेळेवर मिळतील याची खात्री नाही. माणसाच्या रक्तात साखर तांबड्या पेशी आणि पातळ भाग दोन्हींत वाटलेली असते. मांजरात ती जवळजवळ सगळी पातळ भागात. म्हणून माणसाचा मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, फक्त मीटर बदलायचा नाही, आणि मी सांगते त्या हद्दी याच मीटरच्या आहेत. दुसरी गोष्ट मला धंद्यामुळे माहीत होती आणि तरी मनाला समजावावी लागली. मीटर चांगला म्हणजे किती चांगला, याचं जगभर मानलेलं मोजमाप आहे. शंभरच्या वरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्के इकडेतिकडे असला तरी मीटर पास. म्हणजे खरी साखर ३०० असेल तर मीटर २५५ दाखवो की ३४५, तो खोटा ठरत नाही. काल २८०, आज ३१०, ‘वाढली!’ म्हणून लोक घाईघाईनं दुकानात येतात. तो फरक शरीरातला आहे की पट्टीतला, हे त्या एका पट्टीवरून कोणालाच सांगता येणार नाही.

डोस बदलायचा तो या एका-एका आकड्यावरून नाही, कर्व्हवरून. कर्व्ह म्हणजे सकाळच्या इंजेक्शनपासून संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत दर दोन तासांनी साखर. मी रविवारी करते, दुकान दुपारनंतर बंद असतं आणि घर दुकानाच्या वरच. एका युनिटवरच्या पहिल्या कर्व्हमध्ये सगळ्यात खालचा आकडा २३६ आला. डॉक्टरबाईंनी डोस दीड केला. सोबत ताकीद: आता आठवडाभर काहीही झालं तरी हात लावायचा नाही. कातडीखालचा साठा स्थिरावायला दिवस लागतात. कालच्या डोसाचं आजच्या साखरेवर माप काढू नका.

दीड युनिटचा कर्व्ह असा आला: सकाळी आठला ३३८, दहाला २९१, बाराला २०७, दोनला १४९, चारला १३२, सहाला २०८, रात्री आठला २९६.

हा कागद मी पुढे काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कारण तो बघून माझ्यासकट सगळेच एक गोष्ट बोलतात: सकाळी ३३८? मग दोन करा. डोळा वरच्या आकड्यावर जातो. पण डोस ठरतो तो खालच्या आकड्यावर. डॉक्टरबाईंनी आखून दिलेली हद्द होती, दिवसातला तळ ८० ते १५० च्या मध्ये. चार वाजता १३२ म्हणजे दीड युनिट आपलं काम पुरेपूर करतंय. त्याचा जोर बारा तास टिकत नाहीये, एवढंच. सकाळचा ३३८ खाली आणायला दोन केलं असतं तर सकाळचा आकडा फारसा हलला नसता, दुपारचा १३२ मात्र कोसळला असता, आणि तो कोसळताना मी खाली काउंटरवर असते. शिवाय साखर फार खाली गेली की शरीर स्वतः यकृतातून साखर सोडून ती वर फेकतं. मग पुन्हा सकाळी आकडा चढलेला, पुन्हा ‘वाढवा’. अशा चक्रात डोस वाढत जातो आणि मांजर खंगत जातं.

हे सगळं मी शिकलेली. तरी सकाळी आठ वाजता ३३८ डोळ्यांसमोर आला की अर्ध्या रेघेसाठी हात शिवशिवतो. डोस वाढवण्याला काही करणं म्हणतात, आणि न करणं हे आळशीपणासारखं वाटतं. अण्णांचंही तेच. लग्नात श्रीखंड खाल्लं की रात्री आपल्या मनानं दोन युनिट जास्त. कडावचे एक गृहस्थ तर महिन्याची औषधं न्यायला येतात तेव्हा सकाळची शुगर सांगून विचारतात, “ताई, दोनानं वाढवू ना?” पूर्वी मी ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून सोडून द्यायचे. हल्ली विचारते, “दुपारची बघितलीत का? रात्री तीनची?” बघितलेली नसते. ड्रॉवरमधला गुंड्याचा कागद काढून दाखवला की माणसं गंभीर होतात. मांजराचा आहे हे कळल्यावर थोडी कमी गंभीर होतात, पण मुद्दा पोहोचलेला असतो.

आता वहीबद्दल. दोनशे पानी, चौकटींची. तारीख, वेळ, आकडा, डोस, काय खाल्लं, पाणी किती प्यायला, आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्यात ‘खेळला’, ‘टाचा वर’, ‘उलटी’ असलं काहीही. दूधभात बंद केला होता. मांजराचं शरीर पिष्टमय पदार्थ पचवायला घडलेलंच नाही, त्याच्या यकृताला एकदम आलेली साखर उचलता येत नाही. त्याला मांस-मासे लागतात. खाणं बदललं की इन्सुलिनची गरजही एकदम उतरते, म्हणून तेही डॉक्टरबाईंना विचारून टप्प्याटप्प्यानं केलं, आणि खाणं बदलत असताना डोस वाढवला नाही. तरीही वहीत एक विचित्र गोष्ट दिसायची. आठवडा सरळ चालायचा आणि मध्येच एका सकाळी चाळीस-पन्नासनं उडी. मी पट्टीला दोष दिला, पाऊस सुरू झाला होता म्हणून दमटपणाला दोष दिला. एका रात्री वही उलटसुलट चाळताना लक्षात आलं की उडी मारणाऱ्या सगळ्या सकाळी शुक्रवारच्या आहेत.

गुरुवारी अण्णांचा उपवास. संध्याकाळी ते दूधभातानं सोडतात, आणि सोडताना पहिला घास मुक्या जनावराला ठेवायची त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. पूर्वी तो कावळ्या-कुत्र्याला जायचा. आता पायाशी गुंड्या. “एक घास गं,” अण्णा म्हणाले, “तेवढ्यानं काय होतंय?” मी वही पुढे केली. ते बराच वेळ शुक्रवार बघत राहिले. मग म्हणाले, “माझी शुक्रवारची शुगर लिहिली आहेस कुठे?” तीही लिहायला लागलो.

पावसाळ्यात वीज जाते. आमच्याकडे जून-जुलैत ती रात्रभर नसणं नवीन नाही. गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न इन्सुलिनचा असतो. आधी सांगायचं ते असं की बर्फात बुडवू नका, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट. उघडलेली बाटली तीस अंशांच्या खाली असेल तर चार आठवडे फ्रिजशिवाय राहते. वाड्यांवर, जिथे फ्रिज नाही, तिथे लोक मडक्यात ओली वाळू घालून त्यात दुसरं मडकं ठेवतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते उत्तम. पण मडकं थंड होतं ते पाणी सुकण्यानं, आणि जुलैत आमच्या हवेत काही सुकतच नाही. सुदैवानं तेव्हा हवाच पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर आलेली असते. आमचा फ्रिज बंद असला की मी कार्ट्रिजचा डबा जाड टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते. अण्णांना हे फार आवडतं. बोक्याचा भात बंद, बोक्याचं औषध भातात.

श्रावणाच्या आसपास, गुरुवारचा घास बंद होऊन काही आठवडे झाल्यावर, कर्व्हचा तळ हळूहळू उतरायला लागला. डोस तोच, दीड. हे का होतं ते कळलं तेव्हा मला या रोगाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. साखर सतत चढलेली असली की ती स्वतःच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना दाबून टाकते. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर खाली ठेवली की त्या पेशींना दम घ्यायला वाव मिळतो, आणि काही मांजरांत त्या पुन्हा कामाला लागतात. मग कालपर्यंत बेताचा असलेला डोस जास्त व्हायला लागतो. वर जाताना जेवढं थांबायचं असतं, तेवढं खाली येताना थांबून चालत नाही, ही त्यातली मेख.

एका दुपारी मीटरवर ५४ आले. गुंड्या ठीक होता, शेपटी हलवत कोंबडीची वाट बघत होता. डॉक्टरबाईंनी हे सगळं आधीच लिहून दिलं होतं, स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेलं होतं. शुद्धीत असेल, खात असेल तर लगेच खायला, त्यात बंद केलेल्या कोरड्या खाऊची चिमूट. लडखडत असेल, बाहुल्या मोठ्या झाल्या असतील, झटके येत असतील तर बोटानं मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि तसाच उचलून दवाखान्यात. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा साखर. ७१. पुन्हा. ९६. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले होते, हातात माझ्याकडून मागून घेतलेली ग्लुकोजची पुडी. ती शेवटी त्यांनीच अर्धी खाल्ली असावी असा मला संशय आहे. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, रात्रीपासून एक. यात आठवडाभर थांबणं नाही, कर्व्ह नाही. वाढवताना आठवडे लागतात, उतरवायला एक फोन.

मग एकावरून अर्धा. ती ०.३ ची सिरिंज तेव्हा खरी उपयोगी पडली. पहिल्या अर्ध्या रेघेवर दट्ट्या थांबवायचा म्हणजे जवळजवळ ढकलायचाच नाही. आत जातं ते डोळ्यांना दिसत नाही. तरी दोन-तीन दिवसांनी वहीत दिसायचं, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवायचा.

मध्यंतरी एक फार्महाउसवाले मुंबईहून त्यांच्या पर्शियन मांजरीचा रिपोर्ट घेऊन आले. गोळी नाही का, विचारत होते. आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी पहिली मधुमेहाची गोळी मंजूर झाली, बेक्सॅग्लिफ्लोझिन, आम्ही माणसांना विकतो त्याच ‘फ्लोझिन’ घराण्यातली, साखर लघवीतून बाहेर काढणारी. पण ज्या मांजराला आधी इन्सुलिन दिलेलं आहे त्याला ती देत नाहीत. त्यांनी मला विचारलं की इन्सुलिन घरी देणं जमतं का. मी गुंड्याला हाक मारली. तो आला, मी रिकाम्या हातानं त्याचा कान धरला, तो शांत बसून राहिला, आणि कोंबडी न मिळाल्यावर माझ्याकडे बघून गेला. गृहस्थ म्हणाले, आमची चावते. मी सांगितलं, पहिला महिना सगळीच चावतात. सुईची नाही, पुरचुंडीची सवय आधी लावा. रिकामी पुरचुंडी, रिकामा कान, आणि खाऊ. आठवडाभर काही टोचूच नका.

मागच्या रविवारच्या कर्व्हमध्ये, अर्ध्या युनिटवर, एकही आकडा १५० च्या वर नाही. चालताना टाचा वर. पाण्याच्या वाटीला दिवसातून दोनदा तोंड लावतो, बादलीकडे फिरकत नाही. डॉक्टरबाईंचं म्हणणं, आणखी दोन आठवडे असंच राहिलं तर बंद करून बघू. बंद म्हणजे बरा झाला असं नाही. काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत लागतं. कान टोचणं आठवड्यातून एकदा तरी चालूच राहील. अण्णांना मी हे सगळं नीट समजावून सांगितलं, त्यांचं इन्सुलिन असं का सुटत नाही तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग गुरुवारी एक घास?”

नाही, म्हटलं. तो तुम्हालाही नाही.